ईटी ३५ चालेल का? मर्सिडीजसाठी बाजारातली चाके निवडताना

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची मर्सिडीज सी-क्लास (सी २२० डी) आहे. ती मी जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली. सध्या तिला १७ इंची चाके आणि २२५/५० आर १७ टायर आहेत. टायर झिजल्यामुळे बदलायचेच आहेत, तेव्हा त्याबरोबर १८ किंवा १९ इंची अलॉय व्हील घालावीत असा विचार आहे. एका दुकानदाराने १८ इंची, ८.५जे (म्हणजे ८.५ इंच रुंद), ईटी ३५ असा चार चाकांचा संच दाखवला. पीसीडी ५×११२ (पाच बोल्टची भोके आणि ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास) जुळतो, मधल्या भोकाला रिंग टाकून देतो, शंभर टक्के बसतं, असे तो म्हणतो. खड्ड्यांसाठी बरे म्हणून त्यावर २४५/४५ आर १८ टायर घ्या, असेही त्याने सुचवले आहे. माझ्या मुलाच्या मते मात्र या चाकांचा ऑफसेट आमच्या गाडीसाठी चुकीचा आहे. आम्ही घरचे पाच जण सुट्टीत गाडीने कोकणात जातो. हा संच घ्यावा का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हा संच घेऊ नका. तुमच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे एकदा आकडेमोड करून समजून घेतले, तर पुढच्या दुकानात कोणाच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज तुम्हाला उरणार नाही. दुकानदार खोटे बोलतो आहे असे मी म्हणणार नाही. पाच बोल्ट पाच भोकांतून जातात, चाक मोकळे फिरते आणि गाडी जॅकवरून खाली उतरते, एवढ्यालाच तो ‘बसतं’ म्हणतो. तुम्हाला मात्र ते चाक पाच माणसे आत, सामान डिकीत आणि ताम्हिणी घाटातले उताराचे वळण समोर, अशा अवस्थेत बसायला हवे आहे.

चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य काढला, तर चाकाची हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने आवळतात त्याला) टेकणारी सपाट बाजू त्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने जितके मिलिमीटर असते, तो आकडा म्हणजे ऑफसेट, आणि चाकाच्या मागे तोच ‘ईटी’ या अक्षरांपुढे ओतलेला असतो. ईटी जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत सरकते. तो जितका लहान, तितके ते मडगार्डच्या बाहेर येते. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती यापुढे, कारण ईटी फक्त चाकाचा मध्य कुठे आहे हे सांगतो. चाकाच्या दोन्ही कडा कुठे पोचतील हे तो एकटा सांगू शकत नाही, आणि घासतात त्या कडा. त्यासाठी रुंदी आणि ईटी हे दोन्ही आकडे एकत्र धरावे लागतात आणि त्यांची तुलना आपल्याच गाडीच्या मूळ चाकाशी करावी लागते.

तुमच्या पिढीच्या सी-क्लासला, म्हणजे चाकणच्या कारखान्यात जुळणी झालेल्या डब्ल्यू२०५ला, २२५/५० आर १७ टायरसह मिळणारे कंपनीचे चाक ७जे रुंदीचे आणि ईटी ४८.५ चे असते. (चाक उतरवल्यावर हे आकडे मागच्या बाजूला वाचता येतात. गाडी तुमच्याकडे येण्याआधी कोणी चाके बदललेली नाहीत ना, याची खात्री यातूनच होईल, म्हणून ते पाहिल्याशिवाय पुढचा हिशेब करू नका.) ७ इंच म्हणजे १७७.८ मिलिमीटर, त्याचे निम्मे ८८.९. यातून ४८.५ वजा केले की ४०.४ मिलिमीटर उरतात, आणि हबच्या पृष्ठभागापासून चाकाची बाहेरची कड तितकी दूर आहे. त्याच ८८.९ मध्ये ४८.५ मिळवले की १३७.४ मिलिमीटर येतात, ते आतल्या कडेचे अंतर. प्रत्यक्ष कड याहून थोडी पुढे असते, कारण चाकाची रुंदी टायर जिथे बसतो तिथे मोजतात. पण हा फरक दोन्ही चाकांत जवळपास सारखाच असल्याने तुलनेला बाध येत नाही.

आता दुकानदाराचा संच घ्या. ८.५ इंच म्हणजे २१५.९, निम्मे १०७.९५. त्यातून ३५ वजा केले तर ७२.९५, आणि मिळवले तर १४२.९५. म्हणजे बाहेरची कड मूळ जागेपासून सुमारे ३२.५ मिलिमीटर बाहेर गेली आणि आतली कड साडेपाच मिलिमीटर आत गेली. प्रत्येक बाजूला सव्वा इंचाहून अधिक बाहेर! केवळ ४८.५ आणि ३५ एवढे दोनच आकडे पाहिले असते, तर फरक साडेतेरा मिलिमीटरचा आहे असे वाटून तुम्ही कदाचित होकार दिला असता.

टायरची गणितेही याच रीतीने करता येतात. टायरच्या मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि ‘आर’पुढचा चाकाचा इंचांतला व्यास. २२५ रुंदीच्या टायरचे निम्मे ११२.५, वजा ४८.५, म्हणजे ६४. २४५ च्या टायरचे निम्मे १२२.५, वजा ३५, म्हणजे ८७.५. टायरची बाहेरची भिंत साडेतेवीस मिलिमीटर पुढे येणार, आणि त्यातच सुचवलेला टायर उंचही आहे. तुमच्या २२५/५० आर १७ टायरचा व्यास सुमारे ६५७ मिलिमीटर आहे, तर २४५/४५ आर १८ चा सुमारे ६७८. व्यासात २१ मिलिमीटरची, म्हणजे ३ टक्क्यांहून थोडी अधिक वाढ झाल्याने स्पीडोमीटर तोच आकडा दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा तेवढ्या प्रमाणात जास्त वेगाने धावत असेल. खरी अडचण मात्र जागेची आहे. टायर एकाच वेळी बाहेरही येणार आणि उंचही होणार, आणि मागे तीन माणसे बसलेली असताना एखाद्या गतिरोधकावरून गाडी खाली दबली की त्याची खांद्याची कड मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्याला लागणार. पुढच्या चाकांत हेच स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला लागून होते. अस्तर घासले तर आवाज येतो आणि ते फाटते, तेवढ्यावर निभावते. पत्रा मात्र टायरची भिंत कापतो, आणि त्यातून टायर फुटू शकतो.

यावर ‘कड हातोडीने आत वळवून देतो’ हा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. मर्सिडीजच्या रंगाचा थर तिथे तडकला, की पावसाळ्यात त्याच जागेपासून गंज धरू लागतो. चांगल्या गाडीचे असे नुकसान मुद्दाम करून घेण्याचे काहीच कारण नाही.

न घासणाऱ्या चाकाचाही ऑफसेट चुकीचा असू शकतो, आणि ही बाजू दुकानात सहसा बोलली जात नाही. पुढचे चाक वळते तेव्हा ते ज्या तिरप्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष खाली वाढवला तर टायर रस्त्याला टेकतो त्या जागेच्या मध्याजवळच कुठेतरी जमिनीला मिळतो. हे छोटे अंतर गाडी बनवणाऱ्यांनी ब्रेक, स्टिअरिंग आणि स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या सगळ्यांचा विचार करून ठरवलेले असते. ईटी ४८.५ वरून ३५ केला की टायरचा मध्य साडेतेरा मिलिमीटर बाहेर जातो आणि ते अंतर तेवढ्याने बदलते. मग एक चाक खड्ड्यात गेले, किंवा जोराचा ब्रेक लावताना डावी चाके रस्त्याकडेच्या ओल्या खडीवर असली, की स्टिअरिंग हाताला ओढ देऊ लागते. बेअरिंगचेही तेच होते. भरलेली बादली अंगालगत धरणे आणि हात लांब करून धरणे यांत खांद्याला जो फरक जाणवतो, तोच फरक चाकाच्या बेअरिंगला प्रत्येक खड्ड्यात जाणवतो. काही मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने लगेच काही बिघडत नाही, हेही तितकेच खरे आहे; पण जिथे मूळ आकड्याजवळ राहता येते, तिथे त्यापासून दूर जाण्यात शहाणपण नाही.

तर मग काय घ्यावे? तुमच्यासाठी उत्तर सोपे आहे, कारण मर्सिडीजनेच या गाडीला १८ इंची चाके दिली होती: ७.५जे, ईटी ४४, त्यावर २२५/४५ आर १८ टायर. या टायरचा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर भरतो, म्हणजे तुमच्या सध्याच्या टायरपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर अधिक. वरच्याच रीतीने पाहिले तर या चाकाची बाहेरची कड ५१.२५ आणि आतली १३९.२५ मिलिमीटरवर येते. मूळ १७ इंची चाकापेक्षा अकरा मिलिमीटर बाहेर आणि दोन मिलिमीटर आत. मडगार्डमध्ये चाक पूर्वीपेक्षा भरलेले दिसते, आणि तुम्हाला बहुधा तेच हवे आहे. एएमजी लाइनच्या (याच गाडीच्या स्पोर्टी धाटणीच्या आवृत्तीच्या) गाड्यांना पुढे हेच चाक आणि मागे ८.५जे, ईटी ४९, त्यावर २४५/४० आर १८ अशी जोडी येत असे. रुंदी वाढवताना कंपनीने ईटीही वाढवला आहे, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण तुम्हाला दाखवलेल्या संचात याच्या नेमके उलट झाले आहे. ही पुढे-मागे वेगळी जोडी दिसायला देखणी आहे. तरीही कुटुंबासाठी वापरायच्या गाडीला मी चारही चाके सारखी घ्यायला सांगेन, कारण मग टायर पुढून मागे बदलून त्यांची झीज सारखी ठेवता येते आणि एखादा टायर फुटला तर दोन मापांत शोधाशोध करावी लागत नाही.

बाजारात ७.५जे सहसा कमी मिळतात आणि ८जे भरपूर मिळतात. ८जे, ईटी ४५ असे चाक मिळाले तर तेही विचारात घ्यायला हरकत नाही. त्याची बाहेरची कड ५६.६ वर येते, म्हणजे कंपनीच्या १८ इंची चाकापेक्षा पाच मिलिमीटरच बाहेर. मात्र आतली कड १४६.६ वर, म्हणजे सात मिलिमीटर आत जाते. त्यामुळे पुढच्या बाजूला टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये पुरेशी फट उरते का, हे प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. २२५/४५ टायरसाठी ७ ते ८.५ इंच रुंदीचे चाक मान्य आहे. ८.५जे त्याच्या अगदी टोकाला येते. तिथे टायर ताणला जातो, चाकाची कड उघडी पडते आणि पदपथाला किंवा खड्ड्याच्या काठाला टायरच्या आधी चाकच लागते.

ईटीचा आकडा शंकास्पद असेल तर चूक कोणत्या बाजूला झालेली परवडते, हेही माहीत असावे. ईटी थोडा जास्त असेल तर हबवर नेमका बसणारा, चांगल्या प्रतीचा स्पेसर (चाक आणि हब यांच्यामध्ये घालायची चकती) आणि त्या मानाने लांब बोल्ट वापरून चाक बाहेर आणता येते. ईटी कमी असेल तर काहीच करता येत नाही. चाकाची हबला टेकणारी बाजू लेथवर खरवडून देण्याची तयारी कोणी दाखवली तर सरळ नकार द्या, कारण सगळा भार तिथूनच जातो.

१९ इंचांचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. तुमच्या सध्याच्या टायरची भिंत ११२.५ मिलिमीटर उंच आहे, २२५/४५ आर १८ ची सुमारे १०१, आणि २२५/४० आर १९ ची फक्त ९०. खड्ड्याचा धक्का आधी ही भिंत झेलते. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही आणि कोकणातल्या रस्त्यांवर रात्री तर नाहीच नाही; अशा वेळी ९० मिलिमीटरची भिंत चेपून चाकाची कड वाकते किंवा तिला आतून चीर जाते.

पीसीडी ५×११२ जुळतो हे दुकानदाराचे वाक्य खरे आहे, पण त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. ऑडीचा पीसीडी ५×११२ आहे, बीएमडब्ल्यूच्या जी२० या ३ सिरीजचाही तोच आहे, जरी तिच्या आधीच्या एफ३० ला ५×१२० होता. म्हणून या गाड्यांवरून उतरवलेली किंवा त्यांच्यासाठी ओतलेली चाके ‘मर्सिडीजला चालतात’ म्हणून सर्रास विकली जातात. बोल्टची गोष्ट निराळी आहे. मर्सिडीज आणि ऑडीचे बोल्ट एम१४×१.५ आटे असलेले, तर त्या बीएमडब्ल्यूचे एम१४×१.२५, मर्सिडीजच्या बोल्टची बसणी (चाकाला टेकणारा भाग) १४ मिलिमीटर त्रिज्येची गोलाकार, ऑडीची १३ ची, आणि बाजारातल्या बहुतेक अलॉयची निमुळती, ६० अंशांची. निमुळत्या बसणीच्या चाकात मर्सिडीजचा गोल बसणीचा बोल्ट घातला तर तो आवळला जातो, पण पूर्ण पृष्ठभागाने न टेकता एका बारीक कड्याएवढ्या जागेवरच टेकतो आणि चालत्या गाडीत सैल होऊ शकतो. म्हणून चाकाबरोबर त्याच्या बसणीला जुळणारे नवे बोल्ट घ्यावेच लागतात.

त्यांची लांबी तपासण्याची एक सोपी रीत आहे. आधी मूळ चाकाचा बोल्ट हाताने, पान्याशिवाय, हबमध्ये फिरवत न्या आणि तो बसेपर्यंत किती फेरे घेतो ते मोजा. नंतर नव्या चाकातून नवा बोल्ट तसाच फिरवून फेरे मोजा. नवे फेरे कमी भरले तर बोल्ट आखूड आहे. ते फार जास्त भरले तर बोल्टचे टोक हबच्या मागे निघून आतल्या भागांना लागण्याची भीती असते, म्हणून बोल्ट पूर्ण बसवून हब हाताने एकदा सावकाश फिरवा आणि कान देऊन ऐका. या गाडीचे बोल्ट १३० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, आणि हे शेवटचे आवळणे एअर गनने नव्हे, तर टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने) करून घ्या. पुढच्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासा. डिकीत स्टेपनी असेल तर तिच्यासाठी मूळचे गोल बसणीचे बोल्ट एका पिशवीत बांधून तिथेच ठेवा, कारण नव्या निमुळत्या बोल्टवर ती स्टेपनी चालणार नाही आणि ही गोष्ट लक्षात येते ती नेमकी रस्त्यात.

रिंगबद्दल दुकानदार जे म्हणतो, त्यात वावगे काही नाही. मर्सिडीजच्या हबला ६६.६ मिलिमीटरचे भोक लागते आणि बाजारातल्या पुष्कळ चाकांचे ७३.१ असते, मधली फट भरणारी रिंग घट्ट बसणारी असली म्हणजे झाले. ती नसेल किंवा सैल असेल, तर ८० च्या पुढच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि किती वेळा बॅलन्सिंग करून घेतले तरी ते थांबत नाही.

चाकाची प्रत पाहताना रंग आणि चकाकी बाजूला ठेवून ते पालथे घाला. मागे रुंदी, ईटी आणि चाक पेलू शकेल तो भार ओतलेला असावा. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही चिन्हे किंवा जर्मनीचा केबीए क्रमांक असेल तर उत्तम, मात्र ही चिन्हे नकली चाकांवरही उमटवली जातात, म्हणून विक्रेत्याकडून कागद मागा. भारासाठी चालकाच्या दाराजवळच्या खांबावरची पट्टी वाचा. तिथे पुढच्या आणि मागच्या आसावर जास्तीत जास्त किती भार चालतो ते दिलेले असते. त्यातल्या मोठ्या आकड्याचे निम्मे जितके होते, त्यापेक्षा चाकाची आणि टायरची क्षमता जास्त हवी. टायरवरचा भारांक ९४ म्हणजे ६७० किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. वेल्डिंग करून दुरुस्त केलेले चाक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

पैसे देण्याआधी टायर न चढवता, नुसते चाक पुढे आणि मागे बसवून पाहण्याचा आग्रह धरा, कारण एकदा टायर चढला की बहुतेक दुकानदार चाक परत घेत नाहीत. ऑफसेट बरोबर असूनही आऱ्यांची मागची बाजू पुढच्या ब्रेक कॅलिपरला लागू शकते, कारण ते आऱ्यांच्या आकारावर अवलंबून असते. टायर चढवल्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मग मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासा, घरच्या पाचही जणांना बसवा आणि ओळखीच्या एखाद्या उंच गतिरोधकावरून गाडी तिरपी, हळू न्या. खडू कुठे पुसला गेला आहे ते पाहिले की उत्तर मिळते.

कायद्याचेही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. कंपनीने त्याच गाडीला दिलेल्या मापाच्या जवळ राहण्याचे हे आणखी एक कारण आहे. विमा कंपनीला नव्या चाकांची लेखी माहिती द्या आणि त्यांची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवून घ्या.

आता त्याच दुकानात परत जाऊन ७.५जे, ईटी ४४ किंवा ८जे, ईटी ४५ असा संच मागायला काहीच हरकत नाही. बिलावर मात्र व्यास, रुंदी, पीसीडी, ईटी, मधल्या भोकाचे माप, भारक्षमता आणि बोल्टची बसणी हे सारे लिहून घ्या, आणि त्याखाली ‘टायर चढवण्यापूर्वी बसवून पाहिल्यावर न जुळल्यास परत’ हे वाक्यही. एवढे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडून चाके घेऊ नका.